पडद्यावरील मैफलीची पारख

सोन्याची परीक्षा चार रीतींनीं होते, असें जुने जाणते सांगत आले आहेत. तें घासून पाहावें, कापून पाहावें, तापवून पाहावें आणि ठोकून पाहावें. या चारींतून जें उतरेल तेंच खरें सोनें. घरांत गुंजभर सोनें आणावयाचें झालें तरी गृहिणी चार पेढ्या हिंडते आणि सराफाच्या तागडीवरून दृष्टि हलूं देत नाहीं. परंतु त्याच घरांत एखाद्या थोर गवयाच्या मैफलीचें चित्रमुद्रण आलें, मग तें फितीवर असो, तबकडीवर असो किंवा इंटरनेटवरून उतरवलेलें असो, कीं पारख करण्याची आठवण कोणासच राहत नाहीं. चित्र स्वच्छ दिसलें, रंग डोळ्यांत भरले आणि वेष्टनावर मोठें नांव छापलेलें असलें, म्हणजे 'मुद्रण उत्तम' असा निकाल देऊन घरची मंडळी मोकळी होते.

हा निकाल उतावळा आहे, आणि त्याचे परिणाम दिसतात तितके क्षुल्लक नाहींत. भास्करबुवा बखले 1922 सालीं निवर्तले. त्यांच्या गाण्याची एकही ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. त्यांची थोरवी पुढच्या पिढ्यांनीं शिष्यांच्या आणि रसिकांच्या तोंडूनच ऐकली. अब्दुल करीम खां 1937 सालीं गेले. त्यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत राहिला. पण एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटें मावणाऱ्या त्या तबकडींत रागाचा विस्तार कसला, नुसता अर्कच हातीं लागतो. कुमार गंधर्व 1992 सालीं आणि भीमसेन जोशी 2011 सालीं गेले, किशोरी आमोणकर 2017 सालीं गेल्या. तोंवर काळ पालटला होता. या कलावंतांच्या मैफली हातवाऱ्यांसह, चेहऱ्यावरील भावांसह आणि साथीदारांसह चित्रित होऊन राहिल्या आहेत. आज शाळेंत जाणारीं मुलें भीमसेनांना पाहणार तीं या पडद्यावरच, आणि त्यांच्या गाण्याविषयीं मत बनवणार तेंही यावरूनच. मुद्रण सदोष असेल तर दोष यंत्राचा असतो, पण बोल लागतो गवयाला. 'आजोबा, एवढें नांव ऐकलें होतें, आणि आवाज असा पातळ कसा?' असें नातीनें विचारलें, तर त्याचें उत्तर घरांत कोणाजवळ तरी असलें पाहिजे. हिणकस सोन्यांत चार पैसे बुडतात. येथें एका पिढीचा थोर कलावंताविषयींचा ग्रह बिघडतो.

म्हणून सोन्याप्रमाणेंच या मुद्रणांसही चार कसोट्या लावाव्या. पहिली कानाची, दुसरी सुराची व काळाची, तिसरी डोळ्याची आणि चौथी प्रामाणिकपणाची. हा क्रमही सोडूं नये; कारण पुष्कळांची चूक होते ती तिसरी कसोटी पहिली लावल्यामुळेंच.

मैफलीचें चित्रमुद्रण हातीं आलें कीं पहिलीं पांच-दहा मिनिटें तें पाहूंच नये. पडद्यावर वस्त्र टाकावें किंवा डोळे मिटावे, आणि केवळ ऐकावें. हें विचित्र वाटेल; पण डोळा हें मोठें दांडगें इंद्रिय आहे, तें शेजारीं बसलें कीं कानाला बोलूं देत नाहीं. तबलजीचीं बोटें झरझर फिरतांना दिसलीं कीं अस्पष्ट बोलही स्पष्ट ऐकूं आल्यासारखे वाटतात. गवयाचा हात वर गेला कीं दबलेला तार षड्जही झळकल्याचा भास होतो. डोळे मिटतांच ही उसनवारी बंद होते आणि मुद्रणाजवळची खरी शिल्लक कळते.

डोळे मिटून काय ऐकावें? सर्वांत आधीं तानपुरा. गवई श्वास घेण्यासाठीं थांबला असतां तानपुऱ्याच्या चारही तारा एकामागून एक, सारख्या मानानें ऐकूं येतात काय, हें पाहावें. तानपुरा ही मैफलीची जमीन आहे. तीच नाहींशी झाली तर वरची नक्षी अधांतरीं लोंबते. त्यानंतर तबला. उजव्या हाताची चाट आणि डाव्या हाताचा घुमारा हीं दोन्हीं निरनिराळीं कळलीं पाहिजेत. मग संवादिनी किंवा सारंगी. ती गवयाच्या एक पाऊल मागें असावी. पेटी आघाडीवर आणि गवई पिछाडीवर, असें झालें असेल तर मुद्रणकारानें साथ या शब्दाचा अर्थच ओळखला नाहीं असें समजावें.

शेवटीं ऐकावयाची ती सभागृहाची हवा. हल्लीं प्रत्येक कलावंतापुढें मायक्रोफोन असतो, आणि मुद्रणकार पुष्कळदा त्या मायक्रोफोनांचा आवाज मिश्रणयंत्रांतून सरळ उचलतो. असा आवाज स्वच्छ असतो खरा, पण कोरडा. गवई जणूं कपाटांत बसून गात आहे आणि श्रोत्यांची दाद पलीकडच्या गल्लींतून येत आहे, असें वाटतें. उलट सभागृहाच्या मागील बाजूस एकच मायक्रोफोन ठेवला, तर खोकला आणि खुर्च्यांची करकर जवळ येते व गवई दूर जातो. चांगला मुद्रणकार जवळचे आणि दूरचे अशा दोन्ही मायक्रोफोनांचे आवाज एकत्र मिसळतो. भाजींत मीठ किती घालावें हें ज्या सुगरणीला कळतें, तिच्याच जातीचें हें काम आहे.

घरगुती कॅमेऱ्यांवर केलेल्या मुद्रणांत आणखी एक दोष सर्रास आढळतो. या कॅमेऱ्यांत आवाजाची पातळी आपोआप राखणारी योजना असते. आवाज लहान झाला कीं ती त्यास वर उचलते, मोठा झाला कीं दाबते. बोलणें टिपण्यास ही योजना सोयीची, पण गाण्यास मारक. गवई विलंबितांत हळूच खर्जांत उतरला किंवा क्षणभर थांबला, कीं पंख्याची घरघर आणि मागच्या रांगेतील कुजबूज भरती आल्याप्रमाणें चढते. आणि तो तार षड्जावर जाऊन उभा राहिला, कीं आवाज फुलण्याऐवजीं आक्रसतो. ज्यानें लहान-मोठ्या आवाजाचा खेळ जन्मभर साधला, त्या गवयाला ही योजना एकाच मापांत कोंबते. नातीला ऐकूं आलेला पातळ आवाज कित्येकदा येथूनच आलेला असतो.

न्याय करतांना घरच्या यंत्रालाही तपासलें पाहिजे. आजच्या चपट्या दूरदर्शन-संचांत आवाजाला जागाच उरलेली नाहीं. त्यांच्या चिमुकल्या ध्वनिक्षेपकांतून डग्ग्याचा घुमारा बाहेरच पडत नाहीं. तेव्हां बरा हेडफोन लावून किंवा वेगळे ध्वनिक्षेपक जोडून ऐकल्याशिवाय कोणत्याही मुद्रणावर शिक्का मारूं नये. माध्यमाची मर्यादाही ध्यानांत घ्यावी. 1976 सालीं जपानांत निघालेल्या व्हीएचएस चित्रफितीवर आवाजाची साधी पट्टी फितीच्या कडेनें जाते, आणि आपल्याकडील पद्धतीच्या यंत्रांत ती फीत सेकंदाला सुमारे 2.3 सेंटिमीटर वेगानें सरकते. नेहमींच्या ध्वनिफितीचा, म्हणजे कॅसेटचा, वेग 4.76 सेंटिमीटर आहे. चित्रफितीवरील साधा आवाज अशा रीतीनें कॅसेटच्याही निम्म्या वेगानें रांगतो. त्यांत तानपुऱ्याची झिलई अंधुक झाली तर नवल नाहीं. पुढें निघालेल्या 'हाय-फाय' यंत्रांनीं हा दोष पुष्कळसा दूर केला. 1996 सालीं आलेल्या डीव्हीडीवर तर सेकंदाला 48,000 नमुन्यांच्या मानानें आवाज सांठवतां येतो. तेथें आवाज मळकट असेल तर माध्यमाची सबब चालत नाहीं. दोष मुद्रणकाराकडे किंवा त्यानें वापरलेल्या मूळ फितीकडे जातो.

दुसरी कसोटी सुराची आणि काळाची. मुद्रणांत गवयाचा सूर त्याच्या मूळ जागेवर आहे काय? हा प्रश्न ऐकून कित्येकांस हंसूं येईल. पण प्रश्न खरा आहे. चित्रपटाची फीत सेकंदाला 24 चित्रांच्या गतीनें चालते. भारतांत आणि युरोपांतील पुष्कळ देशांत रूढ झालेल्या 'पाल' नांवाच्या दूरदर्शन-पद्धतींत सेकंदाला 25 चित्रें लागतात. म्हणून चित्रपटाच्या फितीवर घेतलेली मैफल या पद्धतीच्या तबकडीवर उतरवतांना ती पुष्कळदा शेंकडा चारांनीं जलद चालवली जाते. 100 मिनिटांचें गाणें 96 मिनिटांत आटोपतें. आणि आवाज मुद्दाम खालीं उतरवला नसेल, तर प्रत्येक सूर अर्ध्या स्वराच्या सुमारे सात दशांशांनीं वर चढतो. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर काळी एकमध्यें गाणारा गवई जवळ जवळ पांढरी दोनपाशीं जाऊन बसतो. आवाजांतील गांभीर्य कमी होतें, तानांना नसलेली चपळाई येते, आणि ऐकणारा म्हणतो, 'यांचा आवाज जरा बारीकच होता.' ज्याच्या घरीं पेटी आहे त्यानें गवयाचा षड्ज पेटीवर लावून पाहावा. तो दोन पट्ट्यांच्या मधेंच कोठें तरी लोंबकळूं लागला आणि मैफल मुळांत चित्रपटाच्या फितीवर घेतलेली असली, तर संशय धरण्यास जागा आहे. दूरदर्शनच्या कॅमेऱ्यांनीं आपल्याकडे टिपलेल्या मैफलींना हा दोष सहसा लागत नाहीं. कारण त्या मुळांतच 25 चित्रांच्या मानानें घेतलेल्या असतात.

काळाची परीक्षा याहून सोपी. आवाज आणि चित्र एकमेकांच्या हातांत हात घालून चालतात काय, एवढेंच पाहावयाचें. यासाठीं गवयाच्या ओठांकडे पाहूं नये. आकारांत ओठ फारसे हलतच नाहींत. पाहावें तें तबलजीच्या हाताकडे. हात चामड्यावर पडतो आणि 'धा' उमटतो, या दोहोंत अंतर जाणवतां कामा नये. आवाज चित्राच्या किंचित् मागें राहिला तर तें खपतें, कारण निसर्गांतही तसेंच घडतें. चौदा मीटर दूर बसलेल्या श्रोत्याला आवाज पोंचण्यास सेकंदाचा सुमारे पंचविसावा भाग लागतोच. पण आवाज चित्राच्या आधीं आला, तर तें मनाला लगेच खटकतें. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशींतही हाच भेद आहे. सेकंदाचे हजार भाग कल्पिले, तर आवाज सुमारे 45 भाग पुढें गेला कीं प्रेक्षकांच्या ध्यानांत येतें. मागें मात्र सुमारे 125 भागांपर्यंत राहिला तरी तें ध्यानांत येत नाहीं. कधीं कधीं हा दोष मुद्रणाचा नसून घरच्या संचाचा असतो. चित्र सजवण्यांत संच वेळ घालवतो आणि आवाज पुढें निघून जातो. बहुतेक संचांत तो सुधारण्याची सोय असते, ती आधीं वापरून पाहावी.

हा मेळ किती मोलाचा आहे, याचें एक उदाहरण अमेरिकेंतील आहे. अरीथा फ्रँकलिन या थोर गायिकेनें जानेवारी 1972 मध्यें लॉस एंजेलिसमधील एका चर्चमध्यें दोन रात्रीं भक्तिगीतें गाइलीं, आणि दिग्दर्शक सिडनी पोलक यांनीं तीं चित्रित केलीं. परंतु चित्र आणि आवाज पुढें जुळवतां यावे म्हणून प्रत्येक तुकड्याच्या आरंभीं जी फळी वाजवावयाची असते, ती वाजवलीच गेली नाहीं. आवाजाची ध्वनिमुद्रिका त्याच वर्षीं निघून लोकप्रिय झाली. पण चित्र मुकें पडून राहिलें. पुढें संगणकाच्या साह्यानें मेळ बसला, कांहीं कायद्याचे तंटे मिटले, आणि 2018 सालीं तो चित्रपट लोकांपुढें आला. तोंवर गायिका निवर्तली होती. लांकडाच्या दोन फळ्या न वाजवल्यामुळें जो घोटाळा झाला, तो निस्तरण्यास एक आयुष्य पुरलें नाहीं.

आतां तिसरी कसोटी, डोळ्याची. मैफलींत कॅमेरा हा एक श्रोताच आहे, आणि चांगल्या श्रोत्याचे गुण त्याच्या अंगीं असले पाहिजेत. चांगला श्रोता गाणें चालूं असतां उठबस करीत नाहीं, भलत्या वेळीं मान फिरवीत नाहीं, आणि जेथें कांहीं घडत असेल तेथेंच लक्ष ठेवतो. चित्रमुद्रण पाहतांना हाच प्रश्न विचारावा, कीं या क्षणीं जो आवाज ऐकूं येत आहे त्याचें उगमस्थान दिसत आहे काय? सतारिया मींड ओढीत असतां तार पडद्यावर आडवी किती ताणली गेली, हें दिसलें पाहिजे. सारंगिया तारेला बोटाच्या पेरानें नव्हे, तर नखाच्या मुळाशीं स्पर्श करतो, हें शंभर वेळां ऐकून कळत नाहीं तें एकदां पाहून कळतें. केवळ ध्वनिमुद्रिका जें देऊं शकत नाहीं तें हेंच. आणि शिकणाऱ्या मुलाला चित्रमुद्रणाचा खरा लाभ येथेंच आहे.

ज्याला तालाचें ज्ञान नाहीं असा मनुष्य कॅमेऱ्यांची अदलाबदल करावयास बसला, कीं सगळा विचका होतो. तबलजी तिहाई घेऊन समेकडे धांवत असतो आणि पडद्यावर तानपुऱ्याचा भोपळा दिसतो. गवई समेवर येतो आणि पडद्यावर पहिल्या रांगेतील कोणी प्रतिष्ठित गृहस्थ चष्मा पुसतांना दिसतात. अशा वेळीं कानाची सम साधते, पण डोळ्याची चुकते. दर चार मात्रांनीं चित्र बदलणें हाही तसाच दोष. विलंबित ख्याल हा शांतपणें पाहावयाचा असतो. एकाच चित्रावर एक-दोन आवर्तनें ठरण्याचें धैर्य ज्या दिग्दर्शकाला आहे, त्याला गाणें कळतें असें खुशाल समजावें.

तथापि हा नियम लोखंडी नव्हे. जून 1967 मध्यें कॅलिफोर्नियांतील माँटेरे येथें जो संगीतमहोत्सव झाला, त्याचा डी. ए. पेनबेकर यांनीं काढलेला चित्रपट रविशंकरांच्या सतारीनें आणि अल्लारखांच्या तबल्यानें संपतो. त्या भागाच्या आरंभीं कित्येक मिनिटें कलावंत दिसतच नाहींत. सतार ऐकूं येते, आणि कॅमेरा तरुण श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून, त्यांच्या वेषांवरून भटकत राहतो. वरच्या नियमानें पाहिलें तर हा अपराध. पण पुढें वादकांचीं बोटें दिसूं लागतात, लय चढत जाते, आणि अखेर तोच समाज उठून उभा राहतो, तेव्हां त्या पहिल्या भटकंतीचा अर्थ उलगडतो. अनोळखी संगीतानें एका मैदानाला कसें वेढलें, हें दाखवावयाचें होतें. याच्या अगदीं उलट रीत जोनाथन डेमी यांची. टॉकिंग हेड्स या अमेरिकन वाद्यवृंदाच्या डिसेंबर 1983 मधील कार्यक्रमांवर त्यांनीं 1984 सालीं चित्रपट काढला, आणि शेवट येईपर्यंत श्रोते जवळ जवळ दाखवलेच नाहींत. प्रेक्षकानें रंगमंचावरून डोळा काढूं नये, हा हेतु. दोन्ही रीती परस्परविरुद्ध आहेत, तरी दोन्ही चांगल्या ठरतात. कारण दोहोंतही चित्र संगीताचें ऐकतें. कोणाला दाखवलें यापेक्षां तें संगीताच्या ओढीनें दाखवलें काय, हाच खरा प्रश्न आहे.

चित्राच्या स्वच्छतेविषयीं दोन शब्द पुरेत. जुन्या चित्रफितीवर तांबडा रंग कडेबाहेर ओघळतो आणि बारकावा हरपतो, हें माध्यमाचेंच वैगुण्य होय. परंतु जुनें चित्र चौकोनी, म्हणजे 4 रुंद आणि 3 उंच अशा मापाचें असतें, आणि आजचा पडदा 16 रुंद व 9 उंच असतो. तें चित्र ताणून पडदाभर केलें कीं गवई स्थूल होतो आणि तबला लंबगोल. तें ताणूं नये. दोन्ही बाजूंस काळी जागा राहिली तरी राहूं द्यावी. कांहीं नव्या आवृत्त्यांत याहून वाईट प्रकार आढळतो. चित्र वरून आणि खालून कापून पडद्याच्या मापाचें करतात. त्यांत उंचीचा चौथा हिस्सा जातो, आणि मांडी घालून बसलेल्या वादकाचे हात बहुधा त्याच चौथ्या हिश्शांत असतात.

चौथी कसोटी प्रामाणिकपणाची, आणि तीच सर्वांत कठीण. पडद्यावर जें दिसतें तें खरोखरच त्या दिवशीं, त्या क्रमानें घडलें होतें काय? पाश्चात्य वाद्यवृंदांचे प्रसिद्ध संचालक हर्बर्ट फॉन कारायान यांच्या अनेक संगीतपटांत आवाज आधीं मुद्रित करीत, आणि वादक मागाहून कॅमेऱ्यापुढें त्याबरहुकूम वाजवण्याचा अभिनय करीत. ते पट देखणे आहेत. पण ती मैफल नव्हे. मार्टिन स्कॉर्सेसी यांनीं 'द बँड' या वाद्यवृंदाच्या 25 नोव्हेंबर 1976 च्या निरोपाच्या कार्यक्रमावर काढलेला चित्रपट 1978 सालीं आला, आणि तो आजही वाखाणला जातो. परंतु त्यांतील पुष्कळ भाग नंतर स्टुडिओंत पुन्हा वाजवून व गाऊन दुरुस्त केलेला आहे. असें मुद्रण पाहूं नये असें नव्हे; पण त्यावरून त्या रात्रीं कोण कसा गायिला, याचा निवाडा करूं नये.

दुसऱ्या बाजूचें उदाहरणही आहे. बांगलादेशांतील निर्वासितांच्या साह्यार्थ 1 ऑगस्ट 1971 रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें कार्यक्रम झाला. रविशंकर आणि अली अकबर खां यांनीं वाद्यें जुळवलीं, तोंच श्रोत्यांनीं तेंच वादन समजून टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनीं आभार मानले, आणि जुळवणें इतकें आवडलें असेल तर वादन त्याहून आवडेल अशी आशा हंसत प्रकट केली. 1972 सालच्या चित्रपटांत हा प्रसंग तसाच ठेवला आहे. संकलकाला तो सहज कापतां आला असता. तो न कापल्यामुळें त्या दिवशींचा समाज, त्याचें अज्ञान, त्याची उत्सुकता आणि वादकाची समयसूचकता हीं सर्व आज घरबसल्यां भेटतात. प्रामाणिक मुद्रण म्हणतात तें हें.

आपल्या मैफलींत कापाकापी बहुधा आलापावर येते. वेळ थोडा म्हणून विलंबित छाटावें आणि द्रुत ठेवावें, हा शिरस्ता. फळ ठेवून झाड तोडण्यासारखाच तो प्रकार आहे. अशी जोडणी ओळखण्याची एक साधी युक्ति आहे. तानपुऱ्याच्या चार तारांचें चक्र कान देऊन ऐकत राहावें. जेथें फीत कापून जोडलेली असते, तेथें तें चक्र ठेंचाळतें. तिसऱ्या तारेनंतर चौथी न येतां एकाएकीं पहिली येते. डोळ्यालाही खुणा सांपडतात. गवयापुढील पेल्यांतील पाणी एकदम वर चढलें, किंवा खांद्यावरून घसरलेली शाल क्षणांत जागेवर आली, कीं मधला भाग गेला असें समजावें. वेष्टनावर तारीख, स्थळ आणि साथीदारांचीं नांवें आहेत कीं नाहींत, हेंही पाहावें. जो प्रकाशक तबलजीचें नांव छापण्याचे कष्ट घेत नाहीं, त्यानें तबल्याच्या आवाजासाठीं कष्ट घेतले असतील, ही आशा व्यर्थ होय.

या चार कसोट्यांचा निकाल एकत्र करतांना मात्र एक गोष्ट विसरूं नये. मुद्रण स्वच्छ असणें निराळें आणि सत्य असणें निराळें. दोन्ही गुण एकत्र आले तर दुधांत साखर. पण एकच मिळणार असेल तर सत्य पत्करावें. मुंबईचें दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजीं सुरू झालें, आणि पुढें घरोघरीं चित्रफितीचीं यंत्रें आल्यावर कित्येक हौशी मंडळींनीं प्रक्षेपित होणाऱ्या मैफली आपल्या फितींवर उतरवून घेतल्या. त्या फितींचें चित्र धुरकट आहे, आवाज थकलेला आहे. परंतु एखादींत अख्खा राग आरंभापासून शेवटपर्यंत अखंड असेल, तर बाजारांतील चकचकीत पण छाटलेल्या तबकडीहून तिचें मोल अधिक आहे. तिच्यांतील दोष वरवरचे आहेत. ते ओळखून बाजूला सारतां येतात. जें कापून टाकलें तें मात्र कोणत्याही उपायानें परत येत नाहीं.

अशा फिती ज्यांच्या कपाटांत असतील त्यांनीं आतां विलंब करूं नये. मुंबईच्या आणि कोंकणाच्या दमट हवेंत फितींवर बुरशी धरते, आणि तशी फीत यंत्रांत घातली तर फीतही जाते व यंत्रही बिघडतें. चित्रफितीचीं यंत्रें बनवणारा शेवटचा कारखानदार, जपानची फुनाई कंपनी, हिनेंही जुलै 2016 मध्यें तें काम थांबवलें. तेव्हां चालूं स्थितींतील यंत्र आहे तोंवर जाणत्याकडून नक्कल करून घ्यावी, तिच्यावर तारीख, स्थळ आणि साथीदार लिहून ठेवावे, आणि 'खरखर काढून देतों' असें कोणी म्हणाला तर मूळ नक्कल तशीच राखून मगच त्याला हात लावूं द्यावा. कारण खरखर काढणाऱ्या यंत्राला अखंड चालणारा प्रत्येक नाद खरखरच वाटतो, आणि तें पहिल्या झपाट्यांत तानपुराच पुसून टाकतें.

मैफल उठते, गवई जातो, सभागृहेंही पाडलीं जातात. मागें राहतें तें हें मुद्रण. तें नातवंडांच्या हातीं देतांना एवढें तरी शिकवावें, कीं आधीं डोळे मिटून तानपुरा ऐक, मग तबलजीचा हात पाहा, आणि गवयाला नांवें ठेवण्यापूर्वीं यंत्राला चार प्रश्न विचार. ज्या मुलाला एवढें कळलें, त्याला मुद्रणांतला दोष कोणता आणि गवयाचा सूर कोणता हें वेगळें काढतां येईल, आणि ज्यांना समोर बसून ऐकण्याचें भाग्य त्याला लाभलें नाहीं, त्या कलावंतांवर त्याच्या हातून अन्याय होणार नाहीं.